हयातीतले देणे

मामाने भाच्याला दहा लाख रुपये दिले, तर भाच्याला त्यावर प्राप्तिकर लागत नाही. तोच भाचा पुढे कमावता झाला आणि त्याने मामाला दहा लाख दिले, की सगळी रक्कम मामाच्या उत्पन्नात धरली जाते. कायद्याच्या यादीत भाच्याचा मामा नातेवाईक आहे, मामाचा भाचा मात्र नाही. या विषयात मी ओढला गेलो तो या विसंगतीमुळे. नव्या वाचकानेही याच दाराने आत यावे.

1953चे संपदा शुल्क 1985मध्ये उठले, 1958चा देणगी कर 1998मध्ये गेला. आज आपल्याकडे वारसा कर नाही. मग अभ्यास कशाचा? नात्यांचा. पतीने पत्नीला पैसे दिले आणि तिने ते ठेवीत गुंतवले, तर व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवतात. सुनेला दिले तरी सासऱ्याच्या बाबतीत तेच. जावयाला दिले तर तसे होत नाही! सज्ञान मुलामुलींचे उत्पन्न त्यांचे त्यांचेच. घर बक्षीस देताना भांडवली नफ्याचा कर नसतो, पण मुलगा ते विकायला काढतो तेव्हा वडिलांची खरेदी किंमतच हिशेबात येते. महाराष्ट्रात निवासी घर किंवा शेतजमीन जोडीदाराला, मुलांना, नातवंडांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये. स्थानिक अधिभार वेगळा. सख्ख्या भावाला ही सवलत नाही.

या 200 रुपयांच्या ओढीने घाईघाईत झालेली बक्षीसपत्रे मला अस्वस्थ करतात. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एका आजींचा अंगठा यंत्रावर उमटेना. कष्टाने रेषा झिजलेल्या. मुलाने ओल्या रुमालाने बोट पुसले, तेव्हा चौथ्या खेपेला उमटला. दस्तात 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' हे शब्द होते. आजी त्या घरात हयातभर राहतील, मुलगा त्यांना सांभाळील, असे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. ज्येष्ठांसाठीच्या 2007च्या कायद्याने सांभाळ न झाल्यास असे हस्तांतरण रद्द करून मागता येते, पण त्यासाठी सांभाळाची अट होती हे दाखवावे लागते. ती दस्तातच असली, तर म्हातारपणी पुराव्यासाठी धावाधाव करावी लागत नाही.

म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण त्या अटीच्या मसुद्याला दिले आहे. कराची प्रकरणे त्यानंतर येतात.