बार्रिओ फिनो

बार्रिओ फिनो हा पोर्तो रिकोतील गायक डॅडी यांकी याचा तिसरा स्टुडिओ अल्बम आहे. १३ जुलै २००४ रोजी व्हीआय म्युझिक आणि गायकाच्या मालकीची एल कार्तेल रेकॉर्ड्स या कंपन्यांनी तो प्रकाशित केला. अमेरिकेतील वितरण युनिव्हर्सल म्युझिक लॅटिनो या कंपनीकडे होते. बिलबोर्ड नियतकालिकाच्या लॅटिन अल्बमांच्या यादीत पदार्पणातच पहिल्या क्रमांकावर आलेला हा रेगेटन या संगीतप्रकारातील पहिला अल्बम होय. ‘गासोलिना’ हे त्यातील सर्वांत गाजलेले गीत. ज्या संगीताच्या ध्वनिफिती दहाच वर्षांपूर्वी पोलिसांनी दुकानांतून जप्त केल्या होत्या, ते संगीत या अल्बममुळे स्पॅनिश न सोडता जगाच्या बाजारपेठेत पोहोचले. या कारणाने लॅटिन अमेरिकी लोकप्रिय संगीताच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

नाव

स्पॅनिश भाषेत ‘बार्रिओ’ म्हणजे वस्ती किंवा मोहल्ला आणि ‘फिनो’ म्हणजे उंची, तलम, उत्कृष्ट. गरीब वस्तीला जोडलेले हे विशेषण उपरोधिकही आहे आणि अभिमानाचेही. डॅडी यांकी (मूळ नाव रामोन लुईस आयाला रॉद्रिगेस) हा सान हुआन शहरातील व्हिया केनेडी या सरकारी गृहवसाहतीत वाढला. बेसबॉलपटू होण्याची त्याची इच्छा होती. मात्र वयाच्या सतराव्या वर्षी रस्त्यावरील गोळीबारात पायाला गोळी लागल्याने तो मार्ग बंद झाला आणि तो पूर्णपणे गाण्याकडे वळला.

पार्श्वभूमी

रेगेटनचे मूळ एकाच ठिकाणी शोधता येत नाही. जमैकातील डान्सहॉल, पनामामध्ये एल हेनेराल व नांदो बूम यांनी रूढ केलेले स्पॅनिश रेगे आणि न्यूयॉर्कचे हिप-हॉप हे तीन प्रवाह नव्वदच्या दशकात पोर्तो रिकोत एकत्र आले. जमैकाचा गायक शाबा रँक्स याच्या ‘डेम बो’ या गीतावरून त्यातील मुख्य तालाला ‘डेम्बो’ हे नाव पडले.

हा ताल भारतीय पद्धतीने मोजणे अवघड नाही. केरव्याप्रमाणे आठ मात्रांचे आवर्तन धरले, तर पहिल्या व पाचव्या मात्रेवर खर्जाचा ठोका पडतो, तर चौथ्या व सातव्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा आघात येतो. आघातांमुळे आठ मात्रांची विभागणी तीन, तीन आणि दोन अशी होते. खर्जाचा ठोका सम अंतरावर राहतो आणि वरचा आघात त्याला सतत ओढत असतो. या ओढीमुळेच ऐकणाऱ्याचे पाय थिरकतात. संपूर्ण अल्बममध्ये ही चौकट क्वचितच सुटते.

सुरुवातीच्या काळात हे संगीत ‘अंडरग्राउंड’ या नावाने ओळखले जाई. डीजे प्लेयेरो याच्यासारखे संयोजक घरगुती साधनांवर ध्वनिफिती तयार करीत आणि त्या हातोहात विकल्या जात. किशोरवयीन डॅडी यांकी अशाच ध्वनिफितींवर प्रथम ऐकू आला. १९९३ पासून गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांच्या सरकारने गुन्हेगारीविरुद्ध ‘मानो दुरा’ (कठोर हात) ही मोहीम राबवली आणि गृहवसाहतींत पोलिसांबरोबर नॅशनल गार्डच्या तुकड्याही पाठवल्या. त्याच वातावरणात १९९५ मध्ये सान हुआनमधील संगीताच्या दुकानांवर छापे पडले आणि अश्लीलता व हिंसेला उत्तेजन दिल्याच्या आरोपाखाली शेकडो ध्वनिफिती जप्त झाल्या. २००२ मध्ये सिनेटर व्हेल्दा गोन्सालेस यांनी रेगेटनच्या चित्रफिती व ‘पेर्रेओ’ या नृत्यप्रकाराविरुद्ध मोहीम हाती घेतली. या संगीतातील स्त्रीचित्रणाविषयीचे आक्षेप निराधार होते असे म्हणता येणार नाही. मात्र कारवाईचा रोख गीतांपेक्षा ती गाणाऱ्या वस्त्यांवरच अधिक होता, हेही तितकेच खरे.

डॅडी यांकीचा पहिला अल्बम ‘नो मर्सी’ १९९५ मध्ये आला, पण त्याचा फारसा बोलबाला झाला नाही. २००२ च्या ‘एल कांग्री डॉट कॉम’ या अल्बमने न्यूयॉर्क व मायामी येथील लॅटिनो श्रोत्यांपर्यंत त्याचे नाव नेले. बार्रिओ फिनोची तयारी या पायावर झाली.

निर्मिती

ध्वनिमुद्रण २००३–०४ मध्ये पोर्तो रिकोत झाले. निर्मात्यांमध्ये लुनी ट्यून्स, डीजे नेल्सन, एको व डीजे उर्बा यांचा समावेश होता. यांपैकी लुनी ट्यून्स ही जोडी (फ्रान्सिस्को साल्दान्या व व्हिक्तोर काब्रेरा) विशेष उल्लेखनीय आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेले हे दोघे तरुण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वाढले आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात काम करीत असताना संगणकावर ताल रचू लागले. त्यांनी डेम्बोच्या ठोक्यांवर कीबोर्डची ठसठशीत धून चढवली. ध्वनिफितींच्या काळातील खडबडीत नाद येथे गुळगुळीत, नभोवाणीवर वाजवण्याजोगा झाला. जुन्या श्रोत्यांपैकी काहींना हा बदल रुचला नाही.

आशय व गीते

प्रास्ताविक, मध्यांतर व समारोप धरून अल्बममध्ये २१ भाग आहेत. ‘किंग डॅडी’ व ‘दाले कालिएन्ते’ या सुरुवातीच्या गीतांत गायकाची आत्मप्रौढी आहे. ‘नो मे देखेस सोलो’मध्ये विसिन व यान्देल, तर ‘तू प्रिन्सिपे’मध्ये सिऑन व लेनॉक्स या जोड्यांचा सहभाग आहे. ‘लो के पासो, पासो’ हे विश्वासघातानंतरच्या निरोपाचे गीत ‘गासोलिना’खालोखाल लोकप्रिय ठरले. ‘लाइक यू’ या गीतात इंग्रजीचा वापर आहे. ‘साबोर आ मेलाओ’मध्ये साल्सा संगीतातील ज्येष्ठ गायक आन्दी मोन्तान्येस यांना निमंत्रित केले आहे. ज्या संगीताला घरातील वडीलधारे नाके मुरडत, त्यात त्यांच्याच आवडत्या गायकाचा आवाज आणणे ही निवड सूचक आहे.

नृत्यगीतांच्या गर्दीत ‘कोरासोनेस’ आणि ‘सालुद इ व्हिदा’ ही दोन गीते बाजूला पडतात. पहिल्यात वस्तीतील हिंसा व समाजाचा दुटप्पीपणा यांवर टीका आहे, तर दुसऱ्यात पैशापेक्षा आरोग्य व आयुष्य मोलाचे असल्याचा विचार आहे. अल्बमच्या नावातील ‘वस्ती’ खऱ्या अर्थाने दिसते ती या गीतांतच.

गासोलिना

हे गीत डॅडी यांकीने एडी डी या रॅपरच्या साहाय्याने लिहिले व लुनी ट्यून्सने त्याची निर्मिती केली. ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल. झगमगीत मोटारीतून समारंभांना जायची हौस असणाऱ्या मुलींना उद्देशून रस्त्यावर मारलेला एक शेरा कानी पडला आणि त्यावरून गीत सुचले, असे गायकाने सांगितले आहे. या शब्दाचे मद्य, वेग, कामुकता असे अनेक अर्थ नंतर लावले गेले. गीतात पुरुषाच्या हाकेला प्रतिसाद देणारा स्त्रीस्वर ग्लोरी या गायिकेचा आहे. जगभरच्या श्रोत्यांनी तिच्यासह हे पद म्हटले, परंतु गीताच्या श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते.

स्पॅनिश गीतासाठी अमेरिकेच्या मुख्य यादीत स्थान मिळवणे त्या काळी दुर्मीळ होते. ‘गासोलिना’ बिलबोर्ड हॉट १०० मध्ये ३२ व्या आणि ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. लॅटिन ग्रॅमीच्या ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ विभागात नामांकन मिळालेले ते पहिले रेगेटन गीत ठरले.

प्रतिसाद व परिणाम

अल्बम अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत, म्हणजे बिलबोर्ड २०० मध्ये, २६ व्या क्रमांकापर्यंत चढला. २००५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक विकला गेलेला लॅटिन अल्बम तोच होता. त्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट अर्बन संगीत अल्बमचा लॅटिन ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

या यशामागे लोकसंख्येचाही हात होता. २००० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत साडेतीन कोटींहून अधिक लॅटिनो राहत होते, पण त्यांच्यातील तरुण, द्विभाषिक पिढीसाठी नभोवाणीवर फारसे काही नव्हते. ह्यूस्टन येथील केएलओएल या जुन्या रॉक संगीताच्या केंद्राने नोव्हेंबर २००४ मध्ये लॅटिन अर्बन संगीताकडे मोर्चा वळवला आणि इतर शहरांतही असे बदल झाले. डिसेंबर २००५ मध्ये ‘बार्रिओ फिनो एन दिरेक्तो’ हा प्रामुख्याने मैफलींतील ध्वनिमुद्रणांचा अल्बम आला. ‘रोम्पे’ हे गीत त्यातलेच. भारतात मात्र डॅडी यांकीचा आवाज अनेकांनी प्रथम ऐकला तो २०१७ मध्ये, लुईस फोन्सीच्या ‘देस्पासितो’मध्ये.

रोलिंग स्टोन नियतकालिकाने २०२० च्या सर्वोत्तम ५०० अल्बमांच्या यादीत बार्रिओ फिनोला ४७३ वे स्थान दिले. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत ‘गासोलिना’चा समावेश केला. तेथे नोंदले गेलेले हे पहिले रेगेटन ध्वनिमुद्रण आहे.

तालाच्या मालकीचा प्रश्न मात्र मिटलेला नव्हता. डेम्बोचा मूळ ठोका आपल्या १९८९ मधील ‘फिश मार्केट’ या वाद्यरचनेतून घेतला गेल्याचा दावा जमैकातील स्टीली आणि क्लीव्ही या निर्मात्यांच्या वतीने २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दाखल झाला. पुढे त्याची व्याप्ती वाढून शंभरहून अधिक कलाकार प्रतिवादी झाले आणि त्यांत डॅडी यांकीचाही समावेश आहे.