फोटोत चष्म्यावर आणि चेहऱ्यावर फ्लॅश चमकलाय? असा करा दुरुस्त

गेल्या वर्षी आमची आजी गेली. फ्रेमसाठी फोटो शोधायला बसलो, तर चांगला एकच सापडला. पारोळ्याच्या घरी हळदीच्या रात्री फ्लॅश मारून काढलेला. चष्म्याच्या डाव्या काचेवर पांढरा ठिपका आणि त्यामागचा डोळा गायब! तो फोटो दुरुस्त करताना जे शिकलो, ते इथे सांगतोय.

असं का होतं?
मोबाईलचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो. त्यामुळे काचेवर किंवा घामेजलेल्या कपाळावर पडलेला उजेड सरळ कॅमेऱ्यात परत येतो. साध्या जेपीजी फोटोत प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगाला 0 ते 255 अशी किंमत असते. तिन्ही 255 झाल्या की तिथे फक्त पांढरं उरतं. मग ब्राइटनेस कितीही कमी करा, तिथे राखाडी डाग दिसेल, डोळा नाही.

आधी हे करा
फोटो व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. साधा पाठवलेला फोटो कॉम्प्रेस होतो.

कपाळ, गालावरची चमक (स्नॅपसीड, मोफत)
1. 'सिलेक्टिव्ह' उघडून चमकेवर टॅप करा.
2. दोन बोटांनी वर्तुळ लहान करा.
3. बोट डावीकडे सरकवून ब्राइटनेस थोडा कमी करा.
4. उरलेल्या बारीक ठिपक्यांवर झूम करून 'हीलिंग' फिरवा. हे टूल आजूबाजूची त्वचा घेऊन डाग भरतं.

चष्म्यामागचा डोळा
इथे मी आधी एआय इरेझर वापरला. डोळा आला, पण आई म्हणाली, "ही आपली आजी वाटतच नाही." बरोबरच होतं. माहिती नसली की एआय अंदाजाने नवीन डोळा काढतो.

मग त्याच रात्रीचा दुसरा फोटो शोधला. तो थोडा हललेला होता, पण डावा डोळा स्पष्ट होता.
1. मूळ फोटो उघडून 'डबल एक्स्पोजर'मध्ये दुसरा फोटो घ्या.
2. ओपॅसिटी कमी ठेवून दोन्ही डोळे जुळवा, मग ती पूर्ण वाढवा.
3. 'व्ह्यू एडिट्स'मध्ये त्या स्टेपवर टॅप करून ब्रश निवडा आणि फक्त त्या काचेवर फिरवा.
4. 'एक्स्पोर्ट' करा, म्हणजे मूळ फोटो तसाच राहतो.

(व्हर्जननुसार मेनूची जागा बदलू शकते.)

दुसरा फोटोच नसेल तर? चमक थोडी मंद करा आणि थांबा. खोट्या डोळ्यापेक्षा खरी चमक बरी.

पुढच्या वेळी
फ्लॅश बंद करा, माणसाला खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे तोंड करून बसवा, चष्मा किंचित खाली झुकवा. आणि एकाऐवजी चार-पाच फोटो काढा. आमच्या आजीचा डोळा त्या दुसऱ्या फोटोमुळेच परत मिळाला.