चेहऱ्यावरचा भाव मेंदूला किती वेळात कळतो?

पक्षाघातातून सावरलेल्या माणसाबद्दल घरची मंडळी कधीकधी हळूच सांगतात, "डॉक्टर, मी समोर बसून रडले तरी यांना काही वाटत नाही." माणूस निष्ठुर झाला असे ठरवण्याआधी हा थोडा इतिहास वाचा.

२००० साली राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मेंदूला इजा झालेल्या १०८ जणांना तपासले. मेंदूच्या उजव्या बाजूचा, स्पर्श जाणणारा भाग दुखावला असेल तर दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणे जड जाते, असे दिसले. स्पर्शाचा आणि भावनांचा काय संबंध? शिवाय इजा कायमची असते. तो भाग कोणत्या क्षणी कामाला लागतो, हे तिच्यावरून कळत नाही.

त्यासाठी मेंदूचा एखादा भाग क्षणभरच अडवता यायला हवा होता. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून विजेचा झटका देऊन स्नायू हलवून दाखवले, पण ते फार दुखायचे. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणभर मोठा प्रवाह सोडला. त्यातून निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटी सहज ओलांडते आणि आत बारीक विद्युतप्रवाह तयार करते. हेच टीएमएस, आज नैराश्यावरच्या उपचारातही वापरतात.

१९८९ मध्ये अमासियन यांनी त्याचे घड्याळ केले. अक्षरे दाखवल्यावर ८० ते १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या बाजूला ठोका दिला की ती वाचता येत नसत. खूप आधी किंवा उशिरा दिला तर काही बिघडत नसे.

हीच युक्ती २००८ मध्ये डेव्हिड पिचर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या भाव ओळखण्यावर वापरली. चेहरा पाहणारा मागचा भाग ६० ते १०० मिलिसेकंदांत अडवला की चुका वाढत. स्पर्शाच्या भागाची वेळ नंतरची, साधारण १०० ते १७०. म्हणजे आधी डोळ्यांचे काम, मग जणू स्वतःच्या चेहऱ्यावर तो भाव चाचपून पाहणे, आणि हे सगळे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत! मला याचे अजूनही नवल वाटते.

तुमच्या रुग्णाचे हेच झाले आहे, असे यावरून म्हणता येणार नाही. नैराश्यानेही माणूस अलिप्त दिसतो. पण इजा उजव्या मेंदूला असेल तर न्यूरॉलॉजिस्टना हे जरूर सांगा. आणि घरी, "मला वाईट वाटतंय," असे त्यांना तोंडाने सांगून पाहा.