सीना फुलाओ

साल 1963. सुप्याला एसटीत चढतोस तेव्हा तुझ्याकडे फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि सहा केळी आहेत. एसटीची पहिली गाडी 1948 साली धावली ती याच पुणे-नगर रस्त्याने. केळी भुकेसाठी नाहीत. आबांनी बजावलंय, काट्यावर चढायच्या आधी सगळी खायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायचं. तेवढाच किलो-सव्वा किलो पदरात. तू एकोणीस वर्षांचा आहेस आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तुझं वजन करणार आहे.

चीनशी लढाई होऊन काही महिनेच झालेत. नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणतोय. सह्याद्री धावला खरा, पण त्याच्या सावलीत, पारनेरसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात बाजरी-हुलग्यावर वाढलेली पोरं त्यामुळे रातोरात उंच झालेली नाहीत.

भरतीच्या रांगेत लंगोटावर उभा आहेस. थंडीने अंगावर काटा, पोटात केळी डचमळतायत. हवालदार दंडाला धरून तुला पट्टीखाली उभा करतो. टाचा जोडलेल्या, हनुवटी सरळ. सकाळचा नंबर लागला हे तुझं नशीब: दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस सेंटीमीटरभर आखूड होतो. आडवी फळी टाळूवर टेकते. तरी कमीच. थोडीशी, पण कमी.

मग फीत. "सीना फुलाओ!" तू श्वास ओढतोस, बरगड्या ताणतोस, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत हवा कोंडून धरतोस. गुडघे जुळतात का, तळपाय सपाट आहेत का, कानात मळ किती, दात किती. डॉक्टर बघत जातो, कारकून लिहीत जातो. शेवटी डॉक्टर कागदाकडे बघतो, मग तुझ्याकडे, मग तुझ्या मागच्या रांगेकडे. सैन्याला माणसं हवी आहेत, आणि तातडीने हवी आहेत. कागदावर शिक्का पडतो. फिट.

हा डॉक्टर आणि ही रांग मी रचली आहे. पण नमुना तुझ्याच तालुक्यातला आहे. राळेगणसिद्धीचे किसन बाबुराव हजारे, म्हणजे अण्णा, दादरला फुलं विकत होते. आजोबा सैन्यात, नगरजवळच्या भिंगारला नेमणुकीवर होते. अण्णांचा जन्मही भिंगारचाच. शारीरिक निकषांत ते बसत नव्हते, तरी चीन युद्धानंतरच्या तातडीच्या भरतीत घेतले गेले. औरंगाबादला शिकून ट्रक ड्रायव्हर झाले, 1965 साली खेमकरणच्या आघाडीवर त्यांच्या ट्रकवर हल्ला झाला आणि त्यातून ते वाचले. आखूड ठरलेल्या माणसाने पुढे काय काय केलं ते तुला माहीत आहे.

हा आपलाच गावठी ढिसाळपणा, असंही समजू नकोस. 1914 साली बर्कनहेडला इंग्रजांनी पाच फूट तीन इंचांपेक्षा बुटक्यांची वेगळी पलटणच उभी केली होती. गरज पडली की पट्टी वाकते, जगभर.

मला त्या वाकण्याचं वावडं नाही. माझी तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. चल, 1994 पर्यंत.

आता तू दुसरा जवान आहेस, मेडिकल बोर्डापुढे बसलेला. काही वर्षं नोकरी झाली, मधेच दुखणं लागलं, कॅटेगरी लो झाली, आणि आज तुला बोर्ड आउट करायचं, म्हणजे दुखण्यामुळे नोकरीतून काढायचं ठरलंय. टेबलावरच्या छापील फॉर्मात दोन प्रश्न आहेत. दुखणं नोकरीमुळे आलं का? नाही. नोकरीमुळे वाढलं का? नाही. फार तर एक शेरा, की हे अंगचंच दुखणं. झालं. 1961 च्या पेन्शन नियमांप्रमाणे अपंगत्व किमान 20 टक्के हवं आणि ते नोकरीशी जोडलेलं हवं. टक्के भरले, जोड तुटली. अपंगत्वाची पेन्शन नाही.

नियमात मात्र वेगळंच लिहिलंय. तेव्हा लागू असलेल्या 1982 च्या नियमांनुसार, भरतीच्या कागदावर दुखण्याची नोंद नसेल तर माणूस आत आला तेव्हा धडधाकट होता असं धरायचं. पुढे तब्येत ढासळून त्याला काढावं लागलं तर ते नोकरीमुळे झालं असं धरायचं. आणि शंका राहिलीच तर तिचा फायदा जवानाला. म्हणजे लंगोटावर मिळवलेला तो शिक्का ही तुझी सर्वांत मोठी ठेव. गंमत बघ: आत घेताना ज्या कागदाकडे कुणी फार बारकाईने बघितलं नाही, तो बाहेर काढताना कुणी उघडूनही बघत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. सिग्नल्समधले धर्मवीर सिंह 1985 साली भरती झाले, फिट्सच्या आजारावरून 1994 साली घरी गेले, अपंगत्व 20 टक्के. बोर्ड म्हणालं, नोकरीशी संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये निकाल दिला: भरतीच्या वेळी नोंद नव्हती आणि बोर्डाने वेगळं कारणही लिहिलं नव्हतं, तेव्हा पेन्शन द्या. एकोणीस वर्षं गेली, आणि एवढ्या टाचा झिजवून हाती आलं ते नियमात आधीपासून होतंच.

आजच्या पारनेरात ये. भल्या पहाटे रस्त्याने पोरं पळतायत. अग्निवीर जनरल ड्युटीसाठी उंची 168 सेंटीमीटर, छाती 77 आणि फुगवून वर पाच. जवानाच्या मुलाला उंचीत दोन सेंटीमीटरची सूट, ती उघड नियमात लिहिलेली. केळ्यांची युक्ती अजून चालते म्हणतात. मेडिकलला उडालेल्याला फेरतपासणी मागता येते. गावात निम्म्यांना ते ठाऊक नसतं, ते "नशीब" म्हणून शेताकडे वळतात.

भरती झालास किंवा बोर्ड आउट होऊन परतलास, तरी एक सोय तुला आहे जी 1994 मध्ये नव्हती. माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात ज्यांनी उपोषणं केली त्यांत तो पट्टीत न बसलेला ड्रायव्हर पुढे होता. राज्याचा कायदा 2002 चा, देशाचा 2005 चा. सैन्यदल त्या कायद्याबाहेर नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोड, साध्या कागदावर अर्ज लिही आणि दोन्ही कागद माग: भरतीच्या दिवशीचा आणि बोर्डाचा. सशस्त्र दलांच्या लवादाच्या मुंबई खंडपीठापुढे जायची वेळ आली, तर वकील पहिल्यांदा तेच विचारेल.