न कापणारी, न कापता येणारी काच

नवी मुंबईत कळंबोलीच्या लोखंड बाजाराभोवती आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मालमोटारींची रीघ तुटत नाही. त्यांत उतारवयाच्या गाड्याही पुष्कळ. अशा एखाद्या गाडीच्या दाराची काच फुटली तर बहुधा लांब धारदार पाती पडत नाहीत. खडीसाखरेचा पुडा सांडावा तसे बोथट दाणे पडतात. दाराच्या पोकळीत साचलेले दाणे काढून झाले, की मालकापुढे प्रश्न उभा राहतो. जुन्या मॉडेलची काच सहजी मिळत नाही. मग जवळच्या काचवाल्याकडून त्याच मापाचा तुकडा कापून का बसवू नये? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र साडेतीनशे वर्षे मागे जाऊन शोधावे लागते.

राजपुत्र रूपर्ट याने 1660 च्या सुमारास इंग्लंडमध्ये एक गमतीची वस्तू आणली. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला, की बेडकाच्या पिल्लासारखा, गोल डोक्याचा आणि बारीक शेपटीचा खडा तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो सहसा फुटत नाही, पण शेपटी मोडली की क्षणार्धात सगळ्याचे पीठ होते. दुसऱ्या चार्ल्स राजाने 1661 मध्ये हे थेंब रॉयल सोसायटीकडे पाठवले. रॉबर्ट हूकने 1665 च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांची चर्चा केली.

थेंब पाण्यात पडताच त्याचे बाहेरचे कवच लगेच घट्ट होते, आतील काच अजून मऊ असते. पुढे ती थंड होताना आकसू पाहते, पण घट्ट झालेले कवच तिला आकसू देत नाही. परिणामी आतला भाग ताणलेला राहतो आणि कवच दाबले जाते. काच फुटते ती पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा ताणाने उघडल्यामुळे. इथे तर पृष्ठभाग दाबाखाली, म्हणजे ओरखडा मिटलेलाच! तडा आतल्या ताणलेल्या भागात शिरला तर मात्र तिथे साठलेली ऊर्जा त्याला पुढे ढकलते आणि तो फांद्या फोडत सगळीकडे धावतो. चंद्रशेखर आणि चौधरी यांनी 1994 मध्ये अतिवेगवान छायाचित्रणाने त्याचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर किंवा त्याहून अधिक भरला.

लोहार पोलादाला पाणी देतो तेव्हा पोलादाच्या स्फटिकांची रचना बदलते. काचेत स्फटिकच नसतात. तिथे बदलते ती फक्त ताण आणि दाब यांची वाटणी. वर्गात या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

फ्रान्समधील रॉयेर द ला बास्ती याने 1874 च्या सुमारास तापलेली काच गरम तेलाच्या कुंडात बुडवून कणखर करण्याची पद्धत काढली. तिची भांडी कधीकधी कुणी हात न लावताही फुटत, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला नाही. आपल्याकडे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 चा, कराडजवळच्या ओगलेवाडीचा 1916 चा. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला. कंदिलाची काच बनवताना चाल उलटी असते: ती सावकाश थंड करून तिच्यातील ताण शक्य तितका घालवायचा. मोटारीच्या काचेत तोच ताण आपण मुद्दाम, पण मोजून-मापून ठेवतो.

मोटारी आल्या आणि साध्या काचेच्या पात्यांनी माणसे जबर जखमी होऊ लागली. फ्रान्सच्याच एदुआर बेनेदिक्तुसने दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा चिकटवून 1909 मध्ये पेटंट घेतले. ही थरांची काच फुटली तरी पडद्याला धरून राहते. दुसरी काच आपल्या दारातली, गॅरेजच्या भाषेत ‘टफन’. ती सुमारे 620 ते 650 अंश सेल्सियसपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडून थंड करतात. साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट मजबूत असते. 5 मि.मी. जाडीत दोन्हीकडचा सुमारे एकेक मि.मी. थर दाबाखाली असतो आणि मधला गाभा ताणाखाली.

आता काचवाल्याकडे परत येऊ. त्याची हिरकणी साध्या काचेवर रेघ ओढते आणि काच रेघेवर तुटते. टफन काचेवर तडा गाभ्यात पोहोचला, की हाती फक्त दाणे उरतात. म्हणून आधी माप घेऊन कापायचे, कडा घासायच्या, भोके पाडायची आणि शेवटी भट्टीत घालायचे. हा क्रम उलटा करता येत नाही. काचवाला दुकानात जो तुकडा कापून देऊ शकतो तो बहुधा साध्या काचेचाच असणार. दिसायला तोच, रबरातही नीट बसणारा. पण चालकाचे कोपर दिवसभर त्याच खिडकीवर टेकलेले असते आणि मानही तिथून वीतभरच दूर. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 100 वा नियम खिडक्यांनाही सुरक्षा काचच सांगतो. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग उपाय? जुन्या गाडीची काच सपाट असेल तर साचा देऊन कारखान्यातून टफन करून घ्यावी. वेळ लागेल, एवढेच. भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीची काचही चालते, मात्र कडेला टवका गेलेला नसावा. थरांची सपाट काच कापता येते, हा तिचा फायदा. पण अपघातात आतून फोडून बाहेर पडायची वेळ आली तर ती सहज वाट देत नाही.

बसलेली काच टफन आहे की साधी, हे ओळखायला आधी कोपऱ्यातला शिक्का पाहावा. शिक्का नसेल, तर ध्रुवित काचांचा चष्मा घालून सकाळी किंवा संध्याकाळी निरभ्र आकाशाचे प्रतिबिंब तिच्यात तिरके पाहावे. टफन काचेवर बहुधा ओळीने करडे ठिपके किंवा पट्टे दिसतात. हवेचे झोत जिथे लागले त्या जागांची ती खूण. शाळेच्या बसवर हा प्रयोग विद्यार्थ्यांना करू द्यावा. मागची काच सहसा सर्वांत ठळक दिसते.