कायम आणि हंगामी

वेळापूरच्या आसपास ‘कायम’ आणि ‘हंगामी’ हे शब्द मी कारखान्यापेक्षा सोयरिकीच्या बैठकीत जास्त ऐकले. माळशिरस तालुक्यात माळीनगरचा सासवड माळी साखर कारखाना १९३२ मध्ये स्थापन झाला. ऊस वर्षभर गाळता येत नाही, म्हणून गाळपापुरती माणसे आली. १९५३ मध्ये ले-ऑफच्या भरपाईची तरतूद कायद्यात आली. हंगामी आस्थापना तीतून वगळल्या गेल्या. उलट साखर धंद्यातच बंद हंगामात घरी बसलेल्या हंगामी कामगाराला वेतनाचा काही हिस्सा देण्याची पद्धत रुजली. तिचे नावच ‘रिटेन्शन अलाउन्स’: माणूस राखून ठेवण्याचा भत्ता. निष्ठा कायमवाल्यांचीच असती, तर हा खर्च कशाला? पॅनमध्ये साखरेचा दाणा कधी धरला, हे ओळखणारी नजर दरसाल नव्याने भरती करता येत नाही. ती मोळी टाकण्याच्या वेळी परत यावी लागते.