आर्यनायकम् दांपत्य

आर्यनायकम् दांपत्य : महात्मा गांधींच्या नयी तालीमला (मूलोद्योग शिक्षण) सेवाग्राम (जि. वर्धा) येथे शाळेचे रूप देणारे शिक्षक पती-पत्नी. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे सिलोनमधील (श्रीलंका) तमिळ ख्रिस्ती. आशादेवी यांचा जन्म १९०१ मध्ये लाहोरला, बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे वडील फणिभूषण अधिकारी हे बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. सेवाग्रामात या दोघांना सर्वजण ‘नायकमजी’ आणि ‘आशादीदी’ म्हणत.

दोघांची जडणघडण शांतिनिकेतनात झाली. आर्यनायकम् रवींद्रनाथ टागोरांचे सचिव होते आणि १९३० च्या रशिया दौऱ्यात त्यांच्यासोबत होते. आशादेवींकडे शांतिनिकेतनातील मुलींची जबाबदारी होती. तेथेच त्यांचा विवाह झाला. प्रांत, भाषा आणि धर्म या तिन्ही बाबतींत वेगळ्या असलेल्या या जोडप्याने पुढे मुक्काम केला तो विदर्भात. आर्यनायकम् वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाचे (पुढे नवभारत विद्यालय) मुख्याध्यापक झाले.

वर्धा योजना : याच विद्यालयात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन आणि निमंत्रक आर्यनायकम् होते. आशादेवी, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू हेही समितीत होते. विनोबा भावे हेही एक सदस्य होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि एका उत्पादक हस्तोद्योगाभोवती सर्व विषयांची गुंफण ही अहवालाची मुख्य सूत्रे होत. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला दिली होती. मातृभाषेच्या वाट्याला ४० मिनिटे आली. हरिपुरा काँग्रेसने १९३८ मध्ये ही योजना स्वीकारली आणि ती राबवण्यासाठी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. आर्यनायकम् त्याचे चिटणीस झाले.

सेवाग्राममधील कार्य : संघाच्या सेवाग्रामातील शाळेचा मूलोद्योग कापसाचा होता. वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीत तो घरोघरी ओळखीचा. कापूस वेचणे, सरकी काढणे, पिंजणे, पेळू वळणे, तकलीवर व चरख्यावर सूत काढणे, मग विणणे या क्रमातून धडे निघत. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. एक तार चार फुटांची. एवढ्यावरून गुणाकार, लांबी, वजन, सुताचा अंक आणि मजुरीचा हिशेब शिकवता येई. कापूस पिकतो कुठे, कापड जाते कुठे, या प्रश्नांतून भूगोल आणि इतिहासात शिरता येई. सफाई, भाजीपाला आणि स्वयंपाकघर हाही अभ्यासाचाच भाग होता.

१९४२ च्या आंदोलनानंतर, जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत नयी तालीमची व्याप्ती वाढली. पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण असे टप्पे ठरले. फाळणीनंतर दोघांनी फरिदाबादच्या निर्वासित वसाहतीतही अशा शाळा उभ्या करण्यास हातभार लावला. १९५४ मध्ये आशादेवींना पद्मश्री मिळाली. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. भूदान व शांतिसेनेच्या कामातही आशादेवींनी भाग घेतला.

कुटुंब : या दांपत्याचा संसार आणि शाळा यांत कुंपण नव्हते. आनंद हा त्यांचा मुलगा लहानपणीच सेवाग्रामात वारला. आईबापांनी त्यानंतरही गाव सोडले नाही. लहान मुलांच्या शिक्षणाकडे आशादेवींचा ओढा कायम राहिला. नोकरीचे तास संपले की घरी जायचे, ही विभागणी त्यांच्या दिनक्रमात नव्हती. त्यामुळे सेवाग्रामच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत ‘दीदी’ हे संबोधन पदापेक्षा नात्याचे ठरते.

मूल्यमापन : योजनेवर आक्षेप पहिल्या दिवसापासून होते. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागवण्याच्या कल्पनेला अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच हरकत घेतली होती; मुले राबवली जातील आणि कारागिरांच्या पोटावर पाय येईल, ही भीती निराधार नव्हती. स्वातंत्र्यानंतर अनेक राज्यांत शाळांच्या पाट्या ‘बुनियादी’ झाल्या, तकल्याही वाटल्या गेल्या. पण तकलीवरून गणितापर्यंत मुलांना नेणारा शिक्षक त्या प्रमाणात तयार झाला नाही. पांढरपेशा पालकांना तर आपल्या मुलासाठी पुस्तकी शाळाच हवी होती. खेड्यातल्याला चरखा आणि शहरातल्याला इंग्रजी, अशी वाटणी झाल्यावर योजना टिकणे कठीण होते.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला ‘कार्यानुभव’ हा नयी तालीमचाच वारसा मानला जातो. महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी तो वेळापत्रकातला एक तास म्हणून पाहिला. आर्यनायकम् दांपत्याने नेमके त्याच्या उलट केले होते. त्यांच्या शाळेत काम हा तास नव्हता, बाकीचे तास कामातून निघत. २००५ पासून सेवाग्रामच्या परिसरात ‘आनंद निकेतन’ ही शाळा नयी तालीमच्या धर्तीवर पुन्हा सुरू आहे.